ब्लूग्रास आणि बिल मन्रोचे रुसवे

गेले दोन आठवडे ब्लूग्रासच्या नादी लागलोय. मला आपलं वाटायचं की हे अमेरिकेतल्या डोंगरांमधलं दोनेकशे वर्षं जुनं लोकसंगीत असणार, कोणी केलं कधी केलं कोणालाच माहीत नाही टाइप. पण तसं काही नाहीये, याला चक्क बाप आहे आणि त्याचं नाव बिल मन्रो, १९११ साली केंटकीतल्या रोझीन गावात जन्मला आणि गेला १९९६ मध्ये, म्हणजे अगदी परवापरवापर्यंत होता की!

आठ भावंडांत हा शेंडेफळ. फिडल (म्हणजे व्हायोलिनच) आणि गिटार थोरल्या भावांनी आधीच पटकावलेली, म्हणून याच्या वाट्याला उरलंसुरलं मॅन्डोलिन, म्हणजे गिटारच्या जातीचं छोटं तंतुवाद्य, आलं, आणि त्यातही आठपैकी चारच तारा लाव, फार आवाज नको असं भावांनी सांगितलं होतं म्हणे. पुढे या पठ्ठ्याने मॅन्डोलिनलाच मध्यभागी आणून बसवलं, तेव्हा तो राग आयुष्यभर पुरला असावा असा माझा अंदाज.

बॅन्डचं नाव ब्लू ग्रास बॉइज, केंटकीचं टोपणनाव ब्लूग्रास स्टेट म्हणून. गंमत म्हणजे ब्लूग्रास हे मुळात एक गवत आणि त्याचा खरा भाग लेक्सिंग्टनच्या आसपास, रोझीन तिथून बरंच पश्चिमेला. आणि अजून एक, आज या संगीतात अ‍ॅकॉर्डियन दिसलं तर शुद्धतावादी मंडळी डोळे वटारतात पण चाळीसच्या दशकात खुद्द बापाच्या बॅन्डमध्ये सॅली अ‍ॅन फॉरेस्टर नावाची बाई अ‍ॅकॉर्डियन वाजवायची. बोला आता.

१९४५ च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज बॅन्डमध्ये आला, वय २१, आधी नॉर्थ कॅरोलिनात कापडगिरणीत कामाला होता. अंगठा आणि दोन बोटं वापरून तो बॅन्जोवर अशी सुरांची सर लावायचा की ऐकणारे चाट पडायचे. तीन बोटांनी वाजवणारे त्याच्या भागात आधीही होते, पण त्याला एवढा वेग आणि सफाई यानेच आणली. गिटारवर लेस्टर फ्लॅट, फिडलवर चबी वाइज, बासवर हॉवर्ड वॉट्स, आणि आज आपण ज्याला ब्लूग्रास म्हणतो ते इथे जमून आलं. पण १९४८ ला फ्लॅट आणि स्क्रग्ज सोडून गेले, स्वतःचा बॅन्ड काढला आणि मन्रो जो रुसला तो रुसलाच. स्टॅन्ली ब्रदर्स नावाचा दुसरा बॅन्ड आपल्यासारखंच वाजवतो आणि आपल्याच कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने त्यांना घेतलं म्हणून तो कंपनीच सोडून डेकाकडे गेला. फ्लॅटशी बोलणं बंद ते थेट १९७१ पर्यंत, तेव्हा कुठे इंडियाना राज्यातल्या बीन ब्लॉसमच्या ब्लूग्रास फेस्टिव्हलमध्ये हात मिळवले.

मग १९५४ ला एल्विस प्रेस्ली नावाच्या पोराने मन्रोचं 'ब्लू मून ऑफ केंटकी' हे गाणं उचललं, मूळचं संथ वॉल्ट्झ (तीन मात्रांच्या ठेक्याचं) आणि त्या पोराने एकदम उडतं करून टाकलं. मी वाचताना म्हटलं आता हा नक्की फुगणार, तर नाही, मन्रोने त्याच वर्षी स्वतःचं गाणं परत रेकॉर्ड केलं, सुरुवात जुन्या चालीत आणि मग एल्विससारखी धूम! माणूस कधी कशावर रुसेल याचा काही नेमच नाही.

सगळ्यात भारी रुसवा मात्र मॅन्डोलिनवरचा. गिब्सन कंपनीचं १९२३ चं एफ-५ मॉडेल, मायामीतल्या एका न्हाव्याच्या दुकानात १५० डॉलरला मिळालेलं. पन्नाशीच्या दशकात दुरुस्तीला पाठवलं, कंपनीचं काम पसंत पडलं नाही, तर याने मॅन्डोलिनच्या डोक्यावर लिहिलेल्या 'द गिब्सन'मधलं 'गिब्सन' चाकूने खरवडून काढलं, वरचं 'द' तेवढं ठेवलं. १९८० ला समेट होऊन नाव परत आलं. आणि १९८५ मध्ये कोणीतरी घरात घुसून शेकोटीच्या सळईने मॅन्डोलिनच्या चिरफळ्या उडवल्या, तेव्हा गिब्सनच्याच कारागिराने बारीकसारीक तुकडे वेचून ते पुन्हा उभं केलं आणि म्हातारा त्यावर शेवटपर्यंत वाजवत राहिला.