गोलीचा खुबा

टोरंटोत फिजिओथेरपी करायची म्हणजे हिवाळ्यात आइस हॉकीवाले पेशंट आलेच. हा मुलगा पंधरा वर्षांचा, गोली, म्हणजे गोलरक्षक. जांघेत दुखतं म्हणून आधी दुसरीकडे स्नायू ताणल्याचे उपचार झालेले: शेक, मसाज, स्ट्रेचिंग. गोलीला टेबलावर उताणं झोपवायचं, जांघ दाबून बघायची आणि घरी पाठवायचं, ही पद्धत मला मुळीच पटत नाही. दुखणं खेळताना होतं, तर खेळताना बघायला नको?

मी त्याला सगळं किट घेऊन बोलावलं. (त्या बॅगेच्या वासावरून रिसेप्शनची बाई अजून टोमणे मारते.) ११ इंच रुंदीचे पॅड बांधून तो मॅटवर बटरफ्लायमध्ये बसला. गुडघे जवळ, पावलं दोन्हीकडे फाकलेली, पॅड जमिनीलगत आडवे. ६ फूट बाय ४ फुटांच्या गोलचा खालचा भाग असा झाकायचा, म्हणजे पक (खेळातली चकती) खालून आत जात नाही. ग्लेन हॉल या गोलीनं हे सुरू केलं, १९८६ नंतर पॅट्रिक रॉय या दुसऱ्या गोलीमुळे सगळेच करायला लागले. आता नऊ वर्षांची पोरं एका सरावात किती वेळा गुडघ्यांवर आपटतात, याची मोजदाद कुणी ठेवत नाही.

त्याचं डावं पाऊल बाहेर जात नव्हतं. ते जावं म्हणून तो अख्खी कंबर फिरवत होता. मग टेबलावर घेतलं, गुडघा वर दुमडून मांडी आत वळवली. तीसेक अंश तरी वळायला हवी, ती दहाच्या आसपास अडली. आखडलेला स्नायू शेवटाला थोडा तरी लवतो. इथे दारामागे पाटा ठेवलेला असावा तसं एकदम थांबलं. हाताला कळलं, हे हाड आहे.

डॉक्टरांना पत्र दिलं, एक्स-रे झाला. मांडीच्या हाडाच्या मानेवर उंचवटा, तोच उखळीच्या कडेला घासत होता. वाढत्या वयात खुब्यावर असा भार सतत पडला की तिथे जादा हाड धरतं, असं बऱ्याच तज्ज्ञांचं मत आहे. बॉस्टनचा गोली टुक्का रास्क यानं २०२१ मध्ये खुब्याची शस्त्रक्रिया करून घेतली, परत येऊन चार सामने खेळला आणि २०२२ च्या फेब्रुवारीत निवृत्त झाला. तो निदान चौतिशीत होता.

वडिलांनी विचारलं, "ओएचएलच्या ड्राफ्टपर्यंत इंजेक्शनवर निभेल का?" ओएचएल ही इथली ज्युनियर लीग, ड्राफ्टमध्ये तिचे संघ पोरं निवडतात. सगळ्यात वरच्या एनएचएल लीगमध्ये ३२ संघ, एका संघात साधारण दोन गोली, म्हणजे सगळ्या मिळून ६४ जागा. हे गणित मी त्यांच्यापुढे मांडलं नाही. ते त्यांना पाठ असणार. मुलगा मात्र एवढंच म्हणाला, "बटरफ्लाय बंद केला तर खालचे पक कसे अडवू?"

काही आठवडे बटरफ्लाय बंद, खुब्याभोवतीचे स्नायू बळकट करायचे, मग सर्जनचं मत, असं ठरलं. कोचला फोन केला. सराव कमी करायचं म्हटल्यावर त्याच्या बोलण्यात जो थंडपणा आला, तो इथल्या कोचांचा माझ्या ओळखीचाच आहे.

गेल्या आठवड्यात आई धाकट्याला घेऊन आली. नऊ वर्षांचा, तोही गोली. दुखत काहीच नाही, मांडी छान वळते. न दुखणाऱ्या पोराचा एक्स-रे काढायला मी सांगणार नाही. उन्हाळ्यात फुटबॉल, पोहणं, काहीही खेळू दे, घरात कार्पेटवर बटरफ्लायचा सराव नको, एवढं सांगितलं.

"पण बाकीची मुलं करतातच ना?" ती म्हणाली.

करतात.