'अँटिगनी' मुळातून वाचताना: आधी विग्रह, मग पाठांतर

सोफोक्लीस या प्राचीन ग्रीक नाटककाराचं 'अँटिगनी' हे नाटक मूळ ग्रीकमध्ये वाचायला घेतलं की पहिल्याच ओळीत अडायला होतं. 'औतादेल्फोन' असा लांबलचक शब्द समोर येतो आणि हात कोशाकडे जातो. थांबा, आधी शब्द फोडा. 'औतोस' म्हणजे तोच, स्वतः. 'आदेल्फोस' म्हणजे भाऊ. दोन्ही शब्द प्राथमिक पुस्तकातलेच आहेत. सख्ख्या रक्ताच्या नात्यावर जोर द्यायला कवीने त्यांचा समास केला आहे.

संस्कृतची तोंडओळख असेल तर इथे तिचा मोठा आधार मिळतो. ओळ ८७६ पाहा: 'अक्लाउतोस, अफिलोस, अन्युमेनाइओस'. जिच्यासाठी कुणी रडलं नाही, जिला जिवलग नाही, जिच्यासाठी लग्नगीत गायलं गेलं नाही. तिन्ही नकार आपल्या नञ् समासासारखेच, 'अ' आणि 'अन्' लावून केलेले. उपसर्गांचंही तसंच: 'पेरी' म्हणजे परि, 'प्रो' म्हणजे प्र, 'आपो' म्हणजे अप. ही नाती खरीखुरी आहेत, योगायोगाची नव्हेत. अर्थ मात्र संदर्भातूनच ठरवायचा. उपसर्ग फक्त दिशा दाखवतो.

समूहगीतांत वेगळीच अडचण येते. संवाद अॅटिक, म्हणजे अथेन्सच्या ग्रीक बोलीत असतात, गीतांना डोरिक या दुसऱ्या ग्रीक बोलीची छटा असते. त्यामुळे 'मेतेर' (आई) तिथे 'मातेर' होते. कोशात शब्द सापडला नाही, तर दीर्घ 'आ'च्या जागी दीर्घ 'ए' ठेवून पुन्हा शोधा. बऱ्याचदा ओळखीचाच शब्द निघतो.

एका बैठकीत तीस-चाळीस ओळी पुरेत. पहिलं वाचन कोशाशिवाय, मोठ्याने. मग अडलेले शब्द कोशात पाहून अर्थ पानाच्या समासात, म्हणजे कडेच्या मोकळ्या जागेत लिहा आणि त्यातले आठ-दहाच पाठांतराला घ्या: नाटकात पुन्हा पुन्हा येणारे, किंवा ज्यांच्या घटकांतून आणखी शब्द उलगडतात असे. उपलब्ध साहित्यात एकदाच आढळणारे शब्द शोकांतिकेत पुष्कळ असतात. ते घोकण्यात वेळ घालवू नका, समासातली नोंद त्यांना पुरते.

पाठांतरासाठी केलेल्या कार्डावर नुसता शब्द आणि अर्थ लिहिला की क्रियापदं दगा देतात. 'ओल्ल्युमी' घ्या. कर्तरी रूपात अर्थ 'नष्ट करणे', पण मध्यम प्रयोगात (क्रिया कर्त्यावरच उलटते अशा रूपात) 'नष्ट होणे', आणि 'ओलोला' या पूर्ण वर्तमानकाळी रूपाचा अर्थ 'माझा घात झाला, मी संपलो'. मारणारा कोण आणि मरणारा कोण, हेच उलटं होऊन बसतं. म्हणून कार्डावर क्रियापदाची मुख्य रूपं (ज्यांवरून बाकीची रूपं बनतात ती) सगळी हवीत, शिवाय नाटकातला तीन-चार शब्दांचा तुकडा आणि ओळीचा क्रमांकही. दुसऱ्या दिवशी समास झाकून त्याच ओळी पुन्हा वाचा. जिथे अडाल, तेवढ्याच शब्दांची नवी कार्डं करा.