मॅकबेथचे पहिले दोन अंक आणि चेटकिणींवर फुकटचं खापर

सध्या शेक्सपियरचं मॅकबेथ नाटक परत वाचायला घेतलंय आणि यावेळी पहिल्या दोन अंकांवरच मुक्काम ठोकलाय, कारण पुढे भूत काय, चालून येणारं जंगल काय, इतका मसाला येतो की मुळात खून करायचं कुणी ठरवलं हेच डोक्यातून निघून जातं. गोष्ट आपल्याकडे सांगतात ती ठरलेली, शूर सरदार होता, चेटकिणींनी नादी लावलं, बायकोने भरीस घातलं, बिचारा वाया गेला. पुस्तक उघडून बघा, हे टिकत नाही.

चेटकिणी काय म्हणतात? ग्लॅमिसचा सरदार, कॉडॉरचा सरदार, पुढे राजा होशील. बस्स. आत्ताच्या राजाला, डंकनला मार असं तिघींपैकी एकही बोलत नाही. शेजारी त्याचा जोडीदार सरदार बँको उभाय, त्यालाही सांगतात की तुझे वंशज राजे होतील, आणि तो उलट सावध होतो की असली माणसं छोट्या गोष्टीत खरं बोलून मोठ्या गोष्टीत गोत्यात आणतात. मॅकबेथला मात्र कॉडॉर मिळाल्याची बातमी येते न येते तोच खुनाचं चित्र दिसायला लागतं, स्वतःच्याच विचाराने केस उभे राहतात त्याचे. (बँको इतका सज्जन का, तर शेक्सपियरने जिथून गोष्ट उचलली त्या होलिनशेडच्या इतिहासात तो कटात सामील आहे, पण 1603 ला इंग्लंडच्या गादीवर आलेला जेम्स स्वतःला त्याच बँकोचा वंशज समजायचा. मग काय करणार!)

चौथा सीन तर मला अख्ख्या अंकात भारी वाटतो. आधीच्या कॉडॉरने दगा दिला म्हणून त्याला मारलंय आणि डंकन म्हणतोय की चेहऱ्यावरून मन ओळखता येत नाही बाबा, माझा त्या माणसावर पूर्ण विश्वास होता, आणि हे वाक्य संपतं तिथेच मॅकबेथची एंट्री. डंकन लगेच त्याचं तोंडभरून कौतुक करतो.

आता बायको. सातव्या सीनमध्ये मॅकबेथ एकटा उभा राहून स्वतःच यादी करतो, राजा माझा नातेवाईक, माझा पाहुणा, माणूस चांगला, आणि मारायला कारण काय तर नुसती महत्त्वाकांक्षा. मग तिला सांगतो, राहू दे, पुढे नको जायला. यावर ती त्याचा एकही मुद्दा खोडत नाही, खून बरोबर आहे असंही म्हणत नाही, ती फक्त त्याची मर्दानगी काढते आणि विचारते की मग हा विषय माझ्याकडे काढला कुणी होता, तेव्हा तर वेळही जुळली नव्हती नि जागाही. म्हणजे बोलणं आधीच झालेलं! त्यावर याचं उत्तर काय, तर फसलो तर? पाप, पाहुणा, नातं सगळं गेलं, राहिला फक्त पकडलं जायचा प्रश्न. ती प्लॅन सांगते, पहारेकऱ्यांना दारू पाजू, आळ त्यांच्यावर टाकू, की हा तयार. मला तरी वाटतं तिने ढकललं नाही, अडचण तेवढी सोडवली.

आणि गंमत म्हणजे दगडासारखी वाटणारी हीच बाई दुसऱ्या अंकात म्हणते की झोपेत डंकन माझ्या बापासारखा दिसला नसता तर मीच उरकलं असतं. खून स्टेजवर होतच नाही, नवराबायको अंधारात तुटकतुटक बोलतात तेवढंच, आणि मॅकबेथ खंजीर पहारेकऱ्यांपाशी ठेवायच्या ऐवजी तसेच हातात घेऊन आलेला. परत जायची त्याची हिंमत नाही, मग तीच जाते.

मग पिऊन तर्र झालेला दरवान. नरकाच्या दाराचा रखवालदार असल्यासारखी बडबड करतो, त्यात दोन्हीकडून शपथ घेणारा एकजण आहे, 1605 च्या दारूगोळ्याच्या कटानंतरचा (राजासकट पार्लमेंट उडवायचा डाव) पाद्री हेन्री गार्नेटवरचा खटला, ज्यात त्याच्या दुटप्पी बोलण्याची चर्चा झाली, लोकांच्या डोक्यात ताजा होता, त्यामुळे तेव्हा तो टोला कुणाला हे सांगावं लागलं नसणार. आज तळटीप लागते.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी राज्याभिषेकाला सगळे स्कोनला निघतात. मॅकडफ नावाचा सरदार तेवढा म्हणतो, मी नाही, मी आपला घरी फाइफला चाललो. संशय वगैरे एक शब्द बोलत नाही, पण मॅकबेथशी त्याचं पुढचं सगळं भांडण मला तिथूनच सुरू झालेलं दिसतं.