आज स्कीन्स टाकतोय का?

पिट्सबर्गमध्ये बेसबॉलचं तिकीट काढताना समोर संघ कोणता, हे दुय्यम. पहिला प्रश्न, "त्या दिवशी स्कीन्स टाकतोय का?" सामन्याची सुरुवात करणाऱ्या पिचरला (बेसबॉलमधला गोलंदाज) पाच-सहा दिवसांतून एकदाच खेळवतात. आमच्या पिट्सबर्ग पायरेट्स संघाचा पिचर पॉल स्कीन्स, त्याचा दिवस असला की मैदानाकडे जाणाऱ्या क्लेमेंटे पुलावर काळ्या-पिवळ्या जर्सींची गर्दी उसळते. एरवी खुशाल पाय पसरून बसा. पायरेट्सनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलचं विजेतेपद, शेवटची जिंकली ती १९७९ साली.

मुलगा मूळचा कॅलिफोर्नियाचा, आणि त्याला व्हायचं होतं लढाऊ वैमानिक. म्हणून कॉलेजची पहिली दोन वर्षं त्याने हवाई दलाच्या अकादमीत काढली. तिथे तो पिचिंगही करायचा आणि कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखा) म्हणूनही उभा राहायचा. पण तिसरं वर्ष सुरू केलं की पुढे लष्करी सेवा बंधनकारक. २०२२ मध्ये, जेमतेम विशीत, त्याने गणवेश सोडला आणि लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी गाठली. त्याच्या गोष्टीतला मला सगळ्यात अवघड वाटणारा क्षण हाच. पुढचं सगळं फार भराभर झालं.

२०२३ च्या हंगामात २०९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज), कॉलेज वर्ल्ड सिरीजचं विजेतेपद, स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू. जुलैच्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात तो) पायरेट्सनी त्याला पहिलाच उचलला, ९२ लाख डॉलर देऊन. ड्राफ्टनंतर भलेभले तीन-चार वर्षं छोट्या गावांतून बसने फिरत मायनर लीग, म्हणजे खालच्या पातळीचं बेसबॉल, खेळतात. हा २०२४ मध्ये इंडियानापोलिसच्या मायनर लीग संघाकडून सात सामने खेळला, ४५ स्ट्राइकआउट केले, आणि ११ मे रोजी पिट्सबर्गच्या मैदानावर शिकागो कब्स संघाविरुद्ध उतरला.

त्या पहिल्याच सामन्यात त्याचे १७ चेंडू ताशी १०० मैल किंवा त्याहून वेगाने गेले. म्हणजे १६१ किलोमीटर. शोएब अख्तरचा २००३ च्या वर्ल्ड कपमधला १६१.३ चा एक चेंडू आपण अजून सांगत असतो! अर्थात तुलना सरळ नाही. इथे चेंडूला टप्पा नाही, कोपर वाकवायला मुभा आहे. पण रन-अपही नाही. उंचवट्यावर उभं राहायचं, पाय उचलायचा आणि साडेसाठ फुटांवरच्या फलंदाजाकडे चेंडू सोडायचा.

टीव्हीवर हे कळत नाही. प्रत्यक्षात कॅचरच्या ग्लोव्हचा फटाक्यासारखा आवाज वरच्या मजल्यापर्यंत येतो, आणि सगळ्यांच्या माना एकदम स्कोअरबोर्डवरच्या वेगाकडे वळतात. त्याचा 'स्प्लिंकर' नावाचा चेंडू फलंदाजासाठी त्याहून वाईट. वेग थोडा कमी, पण शेवटच्या क्षणी असा खाली बसतो की बॅट वरून निघून जाते.

जुलैमध्ये मिलवॉकीला सात इनिंग्ज एकही हिट नाही (म्हणजे फटका मारून कुणालाच बेस गाठता आला नाही), आणि ९९ चेंडू झाल्यावर व्यवस्थापकाने त्याला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात नुसता संताप, उरलेल्या दोन इनिंग्ज का टाकू दिल्या नाहीत म्हणून. बुमराहच्या वर्कलोडवरून आपल्याकडे होतात तशीच भांडणं. मला विचाराल तर बरोबर केलं. कोपराचा लिगामेंट गेला की वर्षभर घरी बसावं लागतं.

पाचच दिवसांनी, जेमतेम ११ सामन्यांच्या अनुभवावर, त्याने ऑल-स्टार सामन्याची (निवडक उत्तम खेळाडूंचा वार्षिक सामना) सुरुवात केली. नवोदिताला हा मान १९९५ च्या हिदेओ नोमोनंतर प्रथमच. मग त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित, आणि २०२५ मध्ये एकमताने साय यंग, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार. त्या वर्षीचा हिशोब बघा: क्षेत्ररक्षणातल्या चुकांच्या धावा वगळता नऊ इनिंग्जमागे दोनपेक्षा कमी धावा दिल्या, तरी त्याच्या नावावर विजय १०, पराभव १०. आमचे फलंदाज!

गंमत म्हणजे २००८ मध्ये याच पायरेट्सनी उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना पिचर म्हणून करारबद्ध केलं होतं. (आयपीएलवाला रिंकू वेगळा.) मायनर लीगपलीकडे दोघेही गेले नाहीत.

नियमाप्रमाणे स्कीन्स २०२९ च्या हंगामानंतर मोकळा होईल आणि जो संघ मोठा आकडा लावेल तिकडे जाऊ शकेल. तेव्हा उन्हाळ्यात कुणी इकडे येणार असाल तर आधी मला तारखा कळवा. त्याचा नंबर नेमका कधी लागतो ते दोन-तीन दिवस आधी जाहीर होतं, त्यामुळे मुक्काम आठवडाभराचा तरी ठेवा. आणि मधेच करंजीच्या आकाराचे पोशाख घातलेली माणसं मैदानात पळताना दिसली तर घाबरू नका, ती पिरोगी रेस (पिरोगी म्हणजे करंजीसारखा पोलिश पदार्थ).