खापर

अथेन्सबाहेरच्या एका उत्खननावर मी तीन उन्हाळे खापरं बघतेय. लोकांना वाटतं, आम्ही दिवसभर सुंदर रांजणांकडे बघत बसतो. प्रत्यक्षात टबात हात घालून टूथब्रशने माती घासायची, काठ, बूड आणि कान वेगळे काढायचे, उरलेलं मोजून, तोलून पिशवीत भरायचं. चित्र दिसलं की मात्र ब्रश बाजूला, फक्त बोट आणि पाणी.

त्या दिवशी विहिरीच्या भरावातून तळहाताएवढा तुकडा आला. केशरट माती, त्यावर काळ्या वस्त्राची घडी, आणि घडीच्या रेषा टोकदार हत्याराने कोरलेल्या. निम्म्या भागावर चुन्याचं कवच. त्या रेषा बघून हरखलेच मी. कारण हा काळा म्हणजे रंग नव्हेच, तीच माती अगदी बारीक गाळून केलेला लेप. भट्टीत हवा खेळती ठेवली की सगळं लाल. मग झरोके बंद करून ओली लाकडं टाकायची, सगळं काळं. पुन्हा हवा सोडली की भांडं लाल होतं, पण लेप तोवर काचेसारखा घट्ट झालेला, तो काळाच राहतो. अंदाज थोडा चुकला तर भट्टीभर माल गेला. कोरणी भाजण्याआधीची, म्हणून खाचेत फिकी माती दिसते.

आणि शैलींचा तक्ता तर पाठ. आधी कंपासने काढलेली वर्तुळं, मग भौमितिक नागमोडी पट्टे, मग कॉरिंथचे प्राणी, मग अथेन्सच्या काळ्या आकृती. इ.स.पू. 530 च्या सुमारास उलटापालट : पार्श्वभूमी काळी, आकृती लाल, कोरणीऐवजी कुंचला. म्हणजे काळी आकृती सहाव्या शतकातली. पण त्याच थरातल्या काळ्या बशांच्या तळाला दातेरी चाकाच्या खुणा होत्या, त्या इ.स.पू. चौथ्या शतकातल्या, म्हणजे बऱ्याच नंतरच्या. मी लेबलवर लिहून टाकलं : ‘थर मिसळलेला’, म्हणजे वेगवेगळ्या काळांतली माती एकत्र झालेली. वर ट्रेंचच्या, म्हणजे उत्खननाच्या चराच्या, सुपरवायझरला चारचौघांत सुनावलं की नीट खणत जा. तो म्हणाला, “थर स्वच्छ होता.” मी ऐकलं नाही. पुण्यात जोर्वेची, म्हणजे महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणयुगातली, खापरं हाताळून डोळा तयार झालाय, असा माझा तोरा. मिसळलेल्या थराची माती बारीक चाळणीतून जात नाही, त्यामुळे उरलेल्या बादल्या ढिगावर गेल्या.

चार दिवसांनी संवर्धनवाल्या बाईंनी चुना सोलला. खाली खांबाची कड आणि तिच्या शेजारी एकाखाली एक दोन ग्रीक अक्षरं : रो, खी. मी खुर्चीत बसलेच.

पॅनाथेनाइया, म्हणजे अथेना देवीच्या अथेन्समधल्या उत्सवातल्या, खेळांच्या विजेत्याला पवित्र ऑलिव्हचं तेल मिळायचं, प्रत्येक रांजणात जवळपास चाळीस लिटर. हे रांजण अथेन्सने लाल आकृतीची फॅशन आल्यावरही जुन्याच काळ्या पद्धतीने रंगवले, शतकानुशतकं. आणि इ.स.पू. चौथ्या शतकात त्यावर, चितारलेल्या खांबाशेजारी, त्या वर्षीच्या आर्खोनचं, म्हणजे नगरप्रमुखाचं नाव लिहायला लागले. ‘अमुक आर्खोन’ किंवा ‘अमुक एर्खे’ (अमुक आर्खोन होता), दोन्हींत रो-खी येतंच. आर्खोनांची यादी उपलब्ध आहे. नाव मिळालं असतं तर तेल गोळा केल्याचं नेमकं वर्ष मिळालं असतं. खापराच्या धंद्यात ‘पंचवीस वर्षं इकडेतिकडे’ मिळालं तरी आम्ही पेढे वाटू.

पॅनाथेनाइयाचा अपवाद मला माहीत नव्हता असं नाही. परीक्षेत त्यावर दोन पानं लिहिली होती. टबाशी बसल्यावर आठवला नाही, इतकंच. तक्ते करणारे अपवाद तळटिपेत ढकलतात, असा राग काढून बघितला, पण तळटीपही मी वाचलेली होती.

दोन दिवस ढीग चाळला. सुपरवायझर बरोबर उभा होता, एक शब्द बोलला नाही. शेळीचा जबडा निघाला, कौलांचे तुकडे निघाले, एक कान निघाला, तो दुसऱ्याच भांड्याचा. नाव नाही.

नोंदवहीत खोडलेलं खोडल्यासारखं वाचता आलं पाहिजे, असा नियम आहे, त्यामुळे ‘मिसळलेला’ अजून दिसतो. सुपरवायझर आता पिशवी देताना विचारतो, “मॅडम, आज मी काय मिसळलंय?”