मागं उभा असलेला फ्रेडी

आमच्या आजीला ‘सीआयडी’चा हिरो कोण असं विचारलं, तर ती शिवाजी साटमांचं नाव घेणार नाही. दया दार मोडतो तेव्हा तिला दाराचंच वाईट वाटतं. ‘‘सागवानी दिसतंय की रं!’’ तिचा माणूस एकच, फ्रेडरिक्स. भुताला घाबरणारा पोलीस. तो दिसला की मांडीवरच्या सुपातले तांदूळ निवडायचे थांबतात. ‘‘ह्याचं एवढं बघतो आणि उठतो.’’ (कोल्हापुरात बायकाही ‘बघतो’, ‘उठतो’च म्हणतात, पुण्याच्या पाहुण्यांनी दचकू नये.)

१९९८ ते २०१८, वीस वर्षं ही मालिका चालली. २००४ साली तर १११ मिनिटांचा अख्खा भाग एकाच शॉटमध्ये घेतलेला. कौतुक दिग्दर्शकाचं झालं, कॅमेऱ्याचं झालं. मला आपली मागं उभी असलेली माणसं दिसतात. शंभराव्या मिनिटाला एकच वाक्य, आणि तेच अडखळलं तर? चला, पहिल्यापासून!

फ्रेडरिक्स झालेले दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये गेले. त्या रात्री गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर नेहमीसारखी गर्दी. समोर म्हैस पिळून फेसाळ पेला हातात आला, तो तोंडाला लावायच्या आत मित्र म्हणाला, ‘‘भावा, आपला फ्रेडी गेला.’’

आपला! हा गडी पैलवान सोडून कुणाचं कौतुक करत नाही. मोठा नट गेला तरी ‘वाईट झालं’ म्हणून पुढचा विषय काढतो. त्या दिवशी मात्र दुधावरचा फेस बसेपर्यंत गप्प. मग म्हणाला, ‘‘सरफरोशमध्ये पण हाय त्यो. जरासाच. तेवढ्यासाठी परत बघितलाय मी.’’

हिरो पोस्टरचा असतो, जाहिरातीचा असतो. फ्रेडीवर कुणी मालकी सांगितली नाही, म्हणून तो ज्याचा त्याचा झाला. आमच्या पेठेतल्या तालमीत असा एक आहेच. मिरवणुकीत ट्रॅक्टरच्या मागं चालतो, सगळ्यांच्या चेष्टा सोसतो. फोटोत निम्माच येतो. पण एका साली आला नाही, तर पापाच्या तिकटीपर्यंत जो तो विचारत होता, ‘‘कुठाय त्यो?’’

डिसेंबर २०२४ मध्ये मालिका परत सुरू झाली. फ्रेडी गेल्याची बातमी आजीला आम्ही सांगितलीच नव्हती. ती चष्मा पुसून बसली. ओळखीचे चेहरे येत गेले. पहिल्या ब्रेकपर्यंत तिनं दम धरला.

‘‘फ्रेडी कुठं गेला रं?’’

‘‘रजेवर हाय.’’

‘‘मग त्यो आल्यावर बोलीव मला,’’ म्हणाली आणि सूप उचलून आत गेली.