ओल्या सिमेंटवरचं नाव

देवळात तुम्ही फारसे जात नाही, मग नन्स आणि चर्चचा तो जुना इंग्रजी चित्रपट पुन्हापुन्हा का बघता? घरी येणारे बरेच जण हे विचारतात. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

'लिलीज ऑफ द फील्ड' १९६३चा, कृष्णधवल. ॲरिझोनाच्या वाळवंटात होमर स्मिथ गाडीत पाणी भरायला थांबतो आणि पूर्व जर्मनीतून पळून आलेल्या पाच नन्सच्या तावडीत सापडतो. छप्पर दुरुस्त करून मजुरी मागतो, तर मदर मारिया देवाचे आभार मानते. तो बायबल उघडून दाखवतो, मजुराला मजुरी मिळालीच पाहिजे. ती रानातल्या लिलींचा दाखला देते, त्या ना कष्ट करतात ना सूत कातत बसतात. वर त्यानं चर्चही बांधून द्यावं, ही तिची अपेक्षा!

माझे वडील गवंडी होते. गावच्या देवळाचा सभामंडप त्यांनी बांधला. 'देवाचं काम आहे' म्हणत निम्मी मजुरी सोडायला लावली. देणगीदारांची नावं संगमरवरावर आहेत, वडिलांचं कुठंच नाही.

म्हणून मला सगळ्यात जवळचा वाटतो तो होमरचा रुसवा. आसपासचे मेक्सिकन लोक आपणहून विटा घेऊन येतात, कामाला लागतात, आणि हा बाजूला फुगून बसतो. चर्च त्याला एकट्याच्या हातानं उभं करायचं असतं. वडीलही ओळंबा दुसऱ्याच्या हाती देत नसत. मग लोकांचा गोंधळ उडतो, याला राहवत नाही, उठून कामाची सूत्रं हाती घेतो. बाप्टिस्ट मिस्त्री, कॅथलिक मजूर, म्हणजे ख्रिस्ती धर्मातलेच दोन वेगळे पंथ, आणि मातीच्या कच्च्या विटा. होमर झालेला सिडनी पॉटिए हे सगळं नुसत्या खांद्यांतून दाखवतो. याच भूमिकेसाठी १९६४ साली त्याला ऑस्कर मिळालं. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय.

मदर शेवटपर्यंत आभार मानते ते देवाचेच. शेवटच्या रात्री इंग्रजी शिकवता शिकवता तो तिच्याकडून 'थँक यू' वदवून घेतो. त्याआधी क्रॉसखालच्या ओल्या सिमेंटमध्ये त्यानं स्वतःचं नाव लिहिलेलं असतं.

वडिलांना इंग्रजी येत नव्हतं. तरी एकदा शेजारी बसवून दाखवला. नावाच्या प्रसंगाला म्हणाले, "मागं घे." पुन्हा पाहिलं. बराच वेळ गप्प राहून त्यांनी एवढंच विचारलं, "ओल्यात लिहिलं ना? मग टिकलं असेल."